पिठाच्या डब्यासाठी लाकडी स्कूप लेथवर करायचाय, बाभळीचे दोन तुकडे वाया गेले

कोरडवाहू
७ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, जुळे सोलापुरात राहतो. दोन वर्षांपासून घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड कातायचा छोटा लेथ लावलाय. यंत्रमागाची जुनी मोटर, पायऱ्यांची पुली आणि लाकूड धरायचा चार जबड्यांचा चक, एवढीच यंत्रसामग्री. आतापर्यंत लाटणी, भोवरे, पाळण्याचे खुंट केले. पोकळ काही केलेलं नाही.

आता आईसाठी पिठाचा स्कूप करायचाय. तिची बोटं संधिवातानं आखडलीत. सकाळी तर मूठच वळत नाही. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ती स्टीलची वाटी ठेवते, ती चिमटीत धरून पीठ काढावं लागतं आणि हमखास निसटते. परवा वाटी डब्यात पडली, पीठ ओट्यावर सांडलं आणि आई काही न बोलता पुसत बसली. ते बघून ठरवलं.

दोन प्रयत्न झाले. पहिला तुकडा शेतातल्या बांधावरच्या बाभळीच्या फांदीचा, तोडून महिना झालेला. आकार छान आला, रात्री टेबलावर ठेवला, सकाळी तोंडापासून मुठीपर्यंत उभी चीर. दुसरा तुकडा वखारीतून आणला. आतून कोरताना काठाकडून मध्याकडं गेलो तर हत्यार अडकलं आणि वाटीचा भाग मुठीपासून तुटून भिंतीवर जाऊन आदळला. तोंडावर शील्ड होतं म्हणून बचावलो.

तर लाकूड कुठलं घ्यावं, आणि आतून कोरायचं कसं?

---

कातीव_खांब
७ डिसेंबर, रात्री १०:५५

आमचं घर पिढीजात कातारी. आजोबांच्या काळी दोरीचा लेथ होता, एक माणूस दोरी ओढायचा आणि दुसरा कातायचा. मी मोटरवर काम केलं. आता वय झालं, पण हात अजून चालतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कारणांनी गेलेत.

पहिल्याचं कारण ओल आणि गाभा. फांदीचा गाभा तुकड्यात राहिला की तो फुटणारच. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेकडेनं ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडं आकसतं. गाभा मध्ये ठेवून अख्खी फांदी वाळवली तर हा ताण जायला जागा नसते, मग चीर पडते. त्यात आपली सोलापूरची कोरडी हवा. कापलेल्या टोकातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगानं उडून जातं, म्हणून चीर टोकाकडून सुरू होते. ओलं लाकूड आणलंत तर त्याच दिवशी उभं चिरून गाभा काढून टाका, दोन्ही टोकांना वितळलेलं मेण किंवा जाड ऑइलपेंट फासा आणि सावलीत ठेवा. जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष धरा.

दुसऱ्याचं कारण हत्याराची दिशा. हे नीट समजून घ्या, सगळा स्कूप यावर आहे.

हिराच्या खराट्याची जुडी उभी धरा. वरून त्यात वाटीसारखा खळगा करायचाय. मध्यापासून बाहेर कापत गेलात तर ज्या काडीवर धार येते तिच्यामागची काडी तिच्यापेक्षा उंच असते, ती पाठ देते. काडी स्वच्छ कापली जाते. उलट काठाकडून मध्याकडं आलात तर पुढच्या काड्या बुटक्या आणि मधे पोकळी. काडीला टेकायला काही नाही, ती वाकते, फाटते आणि हत्याराला आत ओढून घेते. तुमचं तेच झालं. स्कूपमध्ये लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीनं जातात, म्हणजे तुम्ही टोकाच्या बाजूनं कोरताय. तिथं मध्यातून बाहेर, हाच नियम. बाहेरून आकार देताना मात्र जाड भागाकडून बारीक भागाकडं.

लाकडाचं उद्या लिहितो.

---

सातरस्ता
८ डिसेंबर, सकाळी ७:१५

काका, खराट्याचं उदाहरण वाचून माझाही घोळ सुटला. मी कुंकवाचे करंडे करतो, आत नेहमी ओरखडे राहायचे. आजच उलटं करून बघतो.

---

मुक्काम_पुणे
८ डिसेंबर, सकाळी ९:३०

मी दुसरी पद्धत सुचवतो. आधी एका टोकाला गोळा आणि पुढं दांडी असा आकार कातायचा. मग एका लाकडी ठोकळ्यात गोळ्याच्या मापाचा खळगा करून त्यात गोळा घट्ट बसवायचा, दांडी बाजूला काटकोनात बाहेर, आणि गोळ्यात वाटी कोरायची. कॉफीचे स्कूप असे करतात. दिसायला फार देखणे होतात, करवतीनं तिरकं कापायची गरज नाही.

---

कातीव_खांब
८ डिसेंबर, दुपारी १:०५

ती पद्धत मला माहीत आहे आणि वाटी खरंच सुंदर होते. पण त्यात दांडी पंख्याच्या पात्यासारखी गरगर फिरते आणि दिसत नाही. बोटांवर बसली तर हाड मोडेल. ज्यांनी आजवर पोकळ काही केलं नाही त्यांना मी ती सांगणार नाही. शिवाय तो गोल चमचा डब्याच्या तळाला टेकत नाही, शेवटचं पीठ निघत नाही. पिठाला पुढून तिरकं कापलेलं तोंडच हवं.

आता लाकूड. कोरडवाहू, तुमचं शेत आहे म्हणता. घरी मोडकी बैलगाडी आहे का? चाकाचा आरा बघा. आपल्याकडं गाडीची चाकं बाभळीची असायची. आऱ्याला सरळ रेषेचं, बिनगाठीचं लाकूड निवडलेलं असतं, आणि ते तीस-चाळीस वर्षं उन्हात वाळलेलं असतं. त्यापेक्षा कोरडी बाभूळ तुम्हाला कुठल्या वखारीत मिळणार? तुंब्याकडचं, म्हणजे चाकाच्या मधल्या गोळ्याकडचं टोक वंगणानं काळं झालेलं असतं, ते कापून टाका. बाहेरच्या लोखंडी धावेकडचंही चारेक बोटं सोडा. मधला भाग घ्या. आधी चुंबक फिरवून खिळा आहे का बघा.

एवढी जुनी बाभूळ दगडासारखी असते. धार पुन्हा पुन्हा लावावी लागेल, कंटाळा करू नका.

---

हुरडा
८ डिसेंबर, दुपारी ३:४०

आरा! आमच्या मोहोळच्या वाड्यात दोन चाकं भिंतीला टेकून पडलीत. कधी डोक्यात आलं नाही.

एक विचारतो. जुन्या गिरणीच्या लाकडी कांड्या आणि बॉबिन भंगारात मिळतात. लाकूड गुळगुळीत, पिवळसर. त्याचे छोटे चमचे होतील का?

---

कातीव_खांब
८ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

बॉबिनला हेदू पुष्कळ वापरायचे, हळदू म्हणतात तोच. कातायला लोण्यासारखा, रेषा बारीक. लाकूड उत्तम आहे यात शंका नाही. पण गिरणीतली बॉबिन वर्षानुवर्षं मशीनच्या तेलात आणि रंगात राहिलेली असते, ते आतपर्यंत मुरतं. शोभेच्या वस्तू करा. खायच्या जिनसाला लावू नका. तेच पॅकिंगच्या खोक्यांचं. त्यावर काय फवारलंय कळत नाही.

नवा हेदू मिळाला तर मात्र डोळे झाकून घ्या. सोलापुरात चिंच, सुबाभूळ, शिसवही मिळतं. सागवान मी टाळतो, त्यात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, धार लवकर जाते, आणि धुळीनं काहींना खाज येते. आणि कण्हेर कितीही गुळगुळीत दिसली तरी तिला हात लावू नका, विषारी आहे.

---

शेंगाचटणी
८ डिसेंबर, रात्री ९:१०

मी लेथवाली नाही, स्वयंपाकघरवाली आहे. बाळीवेशीत राहते, घरी शेंगाचटणी करून विकते. रोज सात-आठ किलो चटणी हाताखालून जाते, म्हणून चमच्यांबद्दल बोलायचा हक्क आहे असं समजते.

कोरडवाहू दादा, लेथ सुरू करायच्या आधी एक काम करा. आईच्या हातात काहीतरी देऊन बघा. माझ्या सासूबाईंची बोटं अशीच होती. त्यांना बारीक दांडी धरताच यायची नाही, कारण बारीक दांडीला मूठ पूर्ण आवळावी लागते. आम्ही उलथन्याच्या दांडीला जुन्या साडीची पट्टी गुंडाळली, ती जाड झाली आणि मग त्यांना जमायला लागलं. तुम्ही दुकानातल्यासारखी नाजूक, मणी-मणी काढलेली दांडी केलीत तर फोटोत छान दिसेल, पण आई वापरणार नाही आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलणारही नाही.

दुसरं, डबा किती खोल आहे? आईचा हात तळापर्यंत जातो का? डब्याच्या काठाला मनगट घासतं का? हे सगळं आधी बघा.

---

कोरडवाहू
९ डिसेंबर, रात्री ८:३०

ताई, तुमचं वाचलं आणि सरळ उठून आईकडं गेलो. घरातल्या चार गोष्टी तिच्या हातात दिल्या. पेन, लाटण्याचं टोक, बॅटरीचा टॉर्च आणि मोगरीची मूठ. पेन धरताना अंगठा थरथरला. लाटण्याचं टोक बरं वाटलं. टॉर्च तिनं लगेच धरला आणि म्हणाली, "हे बरंय, आवळावं लागत नाही." मोजलं, २९ मिमी व्यास. मोगरी जाड झाली.

मी १४ मिमीची दांडी करणार होतो.

डबा ५ किलोचा, तोंड रुंद, खोली २६ सेंमी. हात तळाला जातो, पण आई तिरका घालते, त्यामुळं लांब दांडी काठाला अडते. म्हणजे मूठ आखूडच हवी, चार बोटं बसतील एवढी. ९ सेंमी धरतोय.

आणि काका, गाडीचं चाक सापडलं. आजोबांची गाडी होती, गोठ्याच्या मागं चाक अर्धं मातीत. दोन आरे निखळले होते. चुंबक फिरवलं, काही नाही. मधला भाग कापला तर आत लालसर तपकिरी, वासही वेगळा. साधारण ६० बाय ६० मिमी, लांबी १९० निघतेय. पुरेल का?

---

कातीव_खांब
९ डिसेंबर, रात्री १०:००

पुरेल, नेमका पुरेल. वाटी ६५, मूठ ९०, आणि चकात धरायला ३० ते ३५.

आता क्रम सांगतो. क्रम चुकला की स्कूप गेला.

तुकडा आधी दोन टोकांमध्ये धरून गोल करा. मुठीच्या टोकाला चकात धरायला थोडा बारीक गोल खुंट काढा, त्याचा खांदा काटकोनात आणि स्वच्छ पाहिजे, चकाचे जबडे खांद्याला टेकले पाहिजेत. मग चकात धरा. वाटीचं तोंड टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या सरकत्या टोकाच्या बाजूला, मोकळं.

मूठ अजिबात बारीक करू नका. आधी आतून कोरायचं. जोवर मागं सगळं लाकूड जाड आहे तोवर तुकडा थरथरत नाही. बरेच जण आधी बाहेरून सुंदर आकार देतात आणि मग कोरायला जातात, आणि मानेत तुटतं. तुमचा दुसरा तुकडा मानेतच तुटला ना?

कोरायच्या आधी टेलस्टॉकला ड्रिल लावून मध्यभागी १२ मिमीचं भोक पाडा. वेग कमी, पाचशेच्या आसपास. वाटी ५५ मिमी खोल हवी तर ड्रिलला ५० वर चिकटपट्टी लावा. भोकाचं टोक शंकूसारखं राहतं, तेवढी जागा सोडायची. हे भोक म्हणजे तुमचा खोलीचा खांब. डोळ्यांनी अंदाज करायला जाऊ नका.

मग टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायचा आधार, तोंडासमोर आडवा. १० मिमीची गोल पटाशी. खोबणीचं तोंड वर नाही, डावीकडं वळवून ठेवा, घड्याळात दहा वाजता काटा असतो तिकडं. टोक भोकाच्या कडेला टेकवा आणि आपल्या बाजूच्या काठाकडं ओढत आणा. हात फार हलत नाहीत, मागची मूठ कमरेला टेकलेली असते आणि कमरेनं फिरवायचं. एका खेपेला दोन-तीन मिमी खोल, जास्त नाही. पुन्हा भोकाशी जा, पुन्हा बाहेर या. वेग दीड हजारापर्यंत चालेल.

कान उघडे ठेवा. बरोबर कापत असेल तर सर्र असा एकसारखा आवाज येतो आणि भुसा लांब दोऱ्यासारखा पडतो. खोबरं किसल्यासारखा खरखर आवाज आला आणि पिठासारखी धूळ पडली की थांबा, धार गेलीय. जोर लावू नका.

शेवटी तळ सारखा करायला गोल तोंडाचं खरवडायचं हत्यार, त्याचं टोक अगदी किंचित खाली झुकवून. हलक्या हातानं.

भिंत ४ मिमी ठेवा. पातळ छान दिसते, पण तिरकं कापल्यावर पुढचं ओठ नाजूक होतं आणि ते डब्याच्या तळावर रोज आपटणार आहे.

---

मुक्काम_पुणे
१० डिसेंबर, सकाळी ८:००

काका, भिंतीची जाडी कशी बघता? माझी नेहमी एका बाजूला जाड राहते.

---

कातीव_खांब
१० डिसेंबर, सकाळी ११:४५

लेथ थांबवून कॅलिपरनं. पण मला विचाराल तर अंगठा आत आणि तर्जनी बाहेर ठेवून तळापासून काठापर्यंत सावकाश आणा. कुठं बोटं लांब गेली ते लगेच कळतं. लेथ पूर्ण थांबल्यावरच. एका बाजूला जाड राहते म्हणालात, तर खुंटाचा खांदा चकाला नीट टेकत नसणार.

---

कोरडवाहू
१४ डिसेंबर, रात्री ११:२०

आज रविवार. सकाळी दहाला शेडमध्ये गेलो, तीनला बाहेर आलो.

आतून कोरून झालं! मध्यातून बाहेर. पहिल्या दोन खेपांना हात घाबरत होता, मग तो सर्र आवाज आला आणि भुश्याचा लांब दोरा टूल रेस्टवरून खाली लोंबला. जुन्या बाभळीचा रंग आत इतका गडद निघाला की लेथ थांबवून बघत बसलो. धार मोजून अकरा वेळा लावली.

आतला व्यास तोंडाशी ४६, खोली ५५. बाहेरून ५४ वर आणलं. आता मूठ कातायची आहे, पण वाटी मोकळी आहे आणि थरथर जाणवतेय. पुढं कसं जाऊ?

---

कातीव_खांब
१५ डिसेंबर, सकाळी ६:५०

शाब्बास. आता घाई नको.

कुठल्याही मऊ लाकडाचं बूच काता, वाटीच्या तोंडात हलकं बसेल असं. मध्ये एक कागदी रुमाल ठेवा म्हणजे आत वण पडणार नाही. टेलस्टॉक बुचाला टेकवा, दाबू नका. नुसता आधार. जास्त दाबलंत तर ४ मिमीची भिंत तडकेल. मग मान आणि मूठ काता. मान एकदम बारीक करू नका, वाटीतून मुठीत उतार सावकाश येऊ द्या. आतला तळ कुठं संपतो ती खूण बाहेरून पेन्सिलीनं काढून ठेवा, नाहीतर मान कातता कातता वाटीच्या तळात भोक पडेल.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४० आणि ४००. २४० नंतर ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, लाकडाचे बारीक रोम उभे राहतील, ते ४०० नं घासा. हे आता केलं नाहीत तर आईनं पहिल्यांदा धुतल्यावर स्कूप खडबडीत होईल.

तिरकं तोंड कापताना पट्टा करवत वापरू नका, गोल वस्तू तिच्यात फिरते आणि हाताला घेऊन जाते. फडक्यात गुंडाळून शिकंज्यात हलकी धरा आणि बारीक दात्यांच्या हातकरवतीनं कापा.

---

शेंगाचटणी
१५ डिसेंबर, दुपारी २:३०

दादा, कापायच्या आधी आईला डब्यात घालून दाखवायला सांगा, ती कुठल्या कोनात हात घालते ते बघून पेन्सिलीची रेघ मारा. एकदा कापलं की परत जोडता येत नाही.

---

कोरडवाहू
१६ डिसेंबर, रात्री ९:५५

ताई, केलं. न कापलेला स्कूप आईच्या हातात दिला, तिनं पिठात घातला आणि मी बाजूनं बघून रेघ मारली. मी मनात धरलेल्या कोनापेक्षा बरीच उभी रेघ आली, कारण तिचं मनगट फारसं वळत नाही. कोन माझ्या मनाचा ठेवला असता तर पीठ परत डब्यात सांडलं असतं.

कापला. कड गोल कानशीनं आणि मग लाटण्याला पॉलिश पेपर गुंडाळून गुळगुळीत केली.

आता तेल कुठलं लावू? दुकानदार डबल बॉईल्ड अळशीचं तेल देतोय. घरात शेंगतेल आहे.

---

हुरडा
१७ डिसेंबर, सकाळी १०:१०

शेंगतेलच लावा की, आमच्याकडं पोळपाटाला तेच लावतात.

---

कातीव_खांब
१७ डिसेंबर, दुपारी १२:३०

पोळपाट रोज घासला जातो, म्हणून चालून जातं. स्कूप महिनोन्महिने पिठात बसणार. शेंगतेल कधी सुकत नाही, काही आठवड्यांत चिकट होतं आणि खवट वास धरतं. तो वास पिठाला लागेल.

हवेत सुकून कडक होतं ते तेल हवं. जवसाचं म्हणजेच अळशीचं कच्चं, घाण्याचं, खायचं तेल. दुकानातलं बॉईल्ड नको, ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. ते दारं-खिडक्यांना ठीक. आपल्या भागातलं करडईचं जुन्या पद्धतीचं तेलही सुकणाऱ्यातलं आहे, पांढऱ्या तैलरंगात ते वापरतात कारण ते जवसाइतकं पिवळं पडत नाही. पण हल्ली ओलिक आम्ल जास्त असलेल्या करडईचं तेलही येतं, ते तसं सुकत नाही. म्हणून जवसच घ्या.

अगदी पातळ हात, अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं सगळं पुसून काढा. दोन दिवसांनी पुन्हा. असे तीन. मग पंधरा-वीस दिवस हवेशीर सावलीत.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. तेल पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पत्र्याची शेड आणि खाली भुसा, विचार करा. पाण्यात बुडवा किंवा बाहेर एकेरी पसरून वाळवा.

---

सातरस्ता
१७ डिसेंबर, रात्री ८:००

मुठीला लाखेचा रंग दिला तर? भोवऱ्याला देतात तसा. चन्नपट्टणच्या खेळण्यांवर काय चकाकी असते.

---

कातीव_खांब
१७ डिसेंबर, रात्री ९:१५

भोवऱ्याला जरूर द्या. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवायची, घासण्याच्या उष्णतेनं ती वितळून बसते, मग केवड्याच्या पानानं दाबून चमक आणायची. आमच्या आजोबांचा हा हातखंडा. पण या मुठीवर नको. लाख गुळगुळीत असते आणि पिठाचा हात कोरडा, ज्या बोटांत जोर नाही त्यांतून सटकेल. तेल लावलेलं लाकूड हाताला धरून राहतं.

---

शेंगाचटणी
१८ डिसेंबर, सकाळी ७:४०

माझीही एक विनंती. पिठाचा स्कूप पिठालाच ठेवा. कौतुकानं कुणी तो चटणीच्या बरणीत घालतं. शेंगाचटणी उखळात कुटली की तेल सुटतं, ते लाकडात मुरतं आणि काकांनी सांगितलेला तोच खवट वास येतो. चटणीला वेगळा करा. आणि रात्रभर पाण्याच्या घंगाळात ठेवू नका. गरम पाण्यानं धुऊन, पुसून, सावलीत उभा. आपल्या उन्हात ठेवलात तर गाडीच्या आऱ्याचं लाकूडसुद्धा तडकेल.

---

कोरडवाहू
१३ जानेवारी, रात्री १०:३०

मंडळी, आज भोगी. सकाळी आईनं स्कूप पहिल्यांदा वापरला. बाजरीच्या डब्यात घातला, कारण आज तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी.

मी शेजारी उभा राहून बघत होतो. तिनं मूठ धरली, अंगठा वाटीच्या पाठीवर आपोआप जाऊन टेकला, जिथं मी मानेचा उतार सावकाश ठेवला होता तिथं. पीठ काढलं, परातीत टाकलं, पुन्हा घातला. वजन करून बघितलं, शीग लावून ४५ ग्रॅम येतं. दोन स्कूपांची एक भाकरी. आई त्याला स्कूप म्हणत नाही, चिपटं म्हणते. मी सांगितलं की चिपटं म्हणजे अर्धं मापटं, हे त्याच्या कितीतरी लहान आहे. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा चिपटंच म्हणाली.

दुपारी तिनं तो धुऊन खिडकीत उभा ठेवला होता. हात फिरवला तर रोम अजिबात आले नव्हते. काका, ते ओलं फडकं तुम्ही सांगितलं नसतं तर मी विसरलो असतो.

एक चूक राहिली. पुढचं ओठ उजव्या कोपऱ्यात ३ मिमीच्या खाली गेलंय. डब्याच्या गोल कडेला तोच कोपरा घासतो. तडकला तर कानशीनं मागं घेईन.

ताई, आईनं तुमच्यासाठी निरोप दिलाय. चटणीच्या बरणीला कसा हवा ते विचार म्हणाली. तुमच्या बरणीच्या तोंडाचं माप कळवा. दुसरा आरा शिल्लक आहे.

---

शेंगाचटणी
१४ जानेवारी, सकाळी ६:३०

संक्रांतीच्या शुभेच्छा दादा, आईंना नमस्कार सांगा. चिनीमातीची बरणी आहे, तोंड आतून ७२ मिमी. पण मूठ जाड नको, माझी बोटं अजून चांगली आहेत. दांडी लांब हवी, वीसेक सेंमी, म्हणजे हात तेलात बुडत नाही. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या गर्दीमुळं या आठवड्यात दुकानातून मान वर काढता येत नाही, त्यानंतर सावकाश करा.

---

कातीव_खांब
१४ जानेवारी, सकाळी ९:२०

लांब दांडी असेल तर आऱ्यात रेषा सरळ कुठं आहे ते आधी बघा. तुकडा चिरताना करवतीची रेघ रेषेबरोबर जाऊ द्या, आऱ्याच्या कडेबरोबर नाही. वीस सेंमी दांडीत रेषा तिरकी निघाली तर ती मानेतून मोडेल. आणि मध्ये आधार लागेल, नुसत्या बुचानं भागणार नाही. दांडी मधोमध डाव्या हाताच्या बोटांनी मागून हलकी धरून काता, आम्ही तसंच करतो, पण आधी एखाद्या सुबाभळीच्या काठीवर चार वेळा हात बसवून घ्या. हातमोजा घालू नका आणि बाही वर.